मागच्या सीटवरच्या मनकर्णाबाई

सोमवारी माझी पूजा पिंडीवर बेल वाहण्यापर्यंत आली, की शेजारी काकासाहेबांची मोटारसायकल खोकायला लागायची. सिडकोतली आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. त्यांनी किक मारली की ती आमच्या देवघरातच मारल्यासारखी वाटे. मग कंपाउंडच्या भिंतीपलीकडून मनकर्णाबाईंचा आवाज यायचा, "वहिनी, द्या वो तुमचं बेलपान."

मी एक त्रिदळ आणि दोन फुलं भिंतीवरून त्यांच्या हातात द्यायची. त्यांचं गाव बिडकीनच्या पुढं, आडरस्त्याला. तिथल्या महादेवाला माझ्या वाट्याचं बेलपान त्यांनी वाहायचं, हा आमचा किती वर्षांचा रिवाज. तेव्हा शहर औरंगाबादच होतं आणि पैठण रस्ता इतका रुंद झालेला नव्हता.

मनकर्णाबाई गाडीवर बसायच्या ते बघण्यासारखं असे. आधी पदर कमरेला खोचायचा. मग उजवा हात काकासाहेबांच्या खांद्यावर ठेवून एक लहानशी उडी घ्यायची आणि दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसायचं. पातळाच्या निऱ्या गुडघ्यात धरायच्या, पिशवी मांडीवर घ्यायची आणि म्हणायचं, "हं, चला." गाडी गल्लीच्या तोंडाशी जाईपर्यंत त्यांचे ओठ हलायला लागलेले असायचे. काकासाहेब मान डावीकडं कलती ठेवून गाडी हाकायचे. मी मनात म्हणायची, केवढी ही भक्ती, दारातून निघाल्या की बाईंचं स्तोत्र सुरू.

एकदा आमच्या ओट्यावर वाती वळताना मी विचारलंच, "मनकर्णाबाई, गाडीवर बसल्या बसल्या तुम्ही कोणतं स्तोत्र म्हणता हो?"

त्यांच्या मांडीवरचा कापूस खाली सांडला इतक्या त्या हसल्या.

"स्तोत्र कुठलं, वहिनी! मी मालकाला बोलत असते."

"एवढं काय बोलता?"

"सगळंच. हप्त्याभराचं साठलेलं."

"मग घरी नाही का बोलता येत?"

त्यांनी वात वळायची थांबवली. "घरी देव आहे, वहिनी, पण बोलायला जागा नाय."

मला ते लगेच कळलं नाही. हळूहळू, एकेका दुपारी, त्यांच्या आयुष्याच्या गोष्टी ऐकत गेले तसं कळत गेलं.

मनकर्णाबाईंना जन्मसाल विचारलं तर त्या सांगायच्या, "पोलीस ॲक्शन झालं, रझाकार पळाले, त्याच्या मागून मी." लग्न लवकर झालं. सासरी सासरे, चुलत सासरे, जावा, भरलं घर. वडीलधाऱ्यांच्या देखत नवऱ्याशी बोलायचं नाही, ही तिथली रीत. पाणी द्यायचं तरी तांब्या शेजारी ठेवून बाजूला व्हायचं. मग वाळूजला कारखाने आले. काकासाहेब तिथं पत्रा दाबायच्या प्रेसच्या खात्यात लागले आणि ही दोघं शहरात आली. इथं सासरे नव्हते, पण शिफ्ट होती. ते कधी पहाटेच्या बसनं जायचे, तर कधी भल्या पहाटे परत यायचे. घरात दोन खोल्या आणि बारीक पोरगं. पोरगं झोपलेलं असलं तर बोलायचं नाही, हे झोपलेले असले तर भांडंही वाजवायचं नाही.

"समोरासमोर बसून बोलायची सवयच लागली नाय बघा," त्या म्हणाल्या. "तोंडाकडं बघितलं की मी अडखळते अन् ते बी. मग ही गाडी आली. मी मागं, ते पुढं. मला त्यांची पाठ दिसते अन् त्यांना रस्ता. कुणी कुणाचं तोंड बघायचं नाय. लई सोपं पडतं."

काकासाहेब तसे मुलखाचे अबोल. आमच्या ह्यांच्याशी, म्हणजे अनंतरावांशी, वीस वर्षांत त्यांचं जे काय बोलणं झालं असेल ते एका पोस्टकार्डावर मावेल. पण गाडीवर तेही बोलतात, असं मनकर्णाबाई सांगत. मला खरं वाटायचं नाही.

एक गोष्ट त्यांनी मला फार उशिरा सांगितली. मुलाच्या, आप्पासाहेबाच्या, आधी त्यांना एक मुलगी होती. सरू. चालायला लागली होती, आणि एका उन्हाळ्यात ताप येऊन गेली. गावातल्या घरात तिचं नाव कुणी घेत नसे. आईनं रडत बसू नये म्हणून असेल. मग ती न घेण्याचीच सवय झाली. आप्पासाहेबाला आपल्याला बहीण होती एवढंच ठाऊक. पैठण रस्त्याला, चितेगाव मागं टाकलं की, एक मोठा कडुलिंब आहे. सरूला दवाखान्यात नेताना बैलगाडी तिथं थांबवली होती; तिथंच तिनं डोळे मिटले.

"त्या लिंबापाशी आलो की मालक गाडी हळू करतात," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मग आम्ही तिचं बोलतो. आता असती तर केवढी असती, कुठं दिली असती, लेकरं किती असती. लिंब मागं पडला की इषय बंद. घरी आल्यावर चकार शब्द नाय."

मी हातातली वात तशीच धरून बसले. दर सोमवारी मी ज्या बाईच्या हातात बेलपान देत होते, ती नुसती देवाला जात नव्हती. लेकीला भेटायला जात होती.

*

आणि मग त्यांची कंबर धरली.

आधी चमक भरली म्हणाल्या, तेल लावलं. मग डाव्या पायात कळ उतरायला लागली. डॉक्टरांनी फोटो काढला, मणक्यात गॅप पडलाय म्हणाले, पट्टा दिला, व्यायाम दाखवले आणि सांगितलं, "मोटारसायकलवर एका अंगावर वळून बसायचं बंद." घरी येऊन आप्पासाहेबानं जाहीर केलं, "आईला गाडी बंद." त्यात त्याचा दोष नव्हता. आमच्याकडची त्या वयाची बाई गाडीवर बसते ती एका अंगावरच. दुसरं बसणं कुणाच्या डोक्यातच नव्हतं, माझ्याही नाही.

फक्त काकासाहेबांनी ते मान्य केलं नाही. त्यांचं म्हणणं, दोष सीटचा आहे. जुनी सीट मधून बसली होती, स्पंज पार चपटा झाला होता, रेक्झिन फाटून वर चिकटपट्टी लावली होती. "खड्ड्यात बसल्यावर कुणाची बी कंबर दुखंल," ते आमच्या ह्यांना म्हणाले. एका दमात एवढं मोठं वाक्य त्यांच्याकडून ऐकून हे चकित झाले आणि सोबत जायला तयार झाले. तिसरा कडूबा. कडूबा काकासाहेबांचा प्रेसमधला जोडीदार, अंगानं दांडगा, मिशा झुबकेदार, आणि काकासाहेब जे बोलायचे नाहीत ते सगळं बोलणारा.

क्रांती चौकाच्या अलीकडं एका गल्लीत सांडूभाईंचं सीटचं दुकान होतं. पुढं हे सांगतात तसं लिहिते. दुकानात भिंतीला सीटा टांगलेल्या, बोकड टांगावेत तशा. एक लांब सपाट, एक मागून उंच पायरीवाली, एक तांबड्या पट्ट्यांची.

"ये लेव काका, पायरीवाली," सांडूभाई म्हणाले. "कॉलेज के पोट्टे यहीच लेके जाते."

"पोट्ट्याला नको, आमच्या घरच्यांना बसायचंय. कंबर दुखती त्यांची."

"तो काकीकू लेके आना था ना! बैठे बगैर मेरेकू कैसा मालूम होना?"

काकासाहेब दचकले. "बाईमाणसाला भर रस्त्यात गाडीवर बस-ऊठ करायला लावू का? चार लोक बघू राह्यले इथं."

"फिर माप किसका लेऊं?"

काकासाहेबांनी इकडं तिकडं पाहिलं. हे बारीक अंगाचे. नजर कडूबावर थांबली.

"कडूबा, तू बस."

"मी?"

"तू समज, तू मनकर्णा."

"आता काय, पातळ नेसून येऊ का?"

शेजारचा चहावाला ओरडला, "काकीकी मूछां बहोत जबरदस्त हैं!" आणि सगळी गल्ली हसली. पण कडूबा बसला. दोन्हीकडं दोन पाय टाकून, दणकट, पुरुषमाणूस बसतो तसा. सांडूभाईंनी त्याच्या मांड्यांपाशी चुन्यानं खुणा केल्या, स्पंजाचे थर घालून पाहिले, कुठं कठीण, कुठं मऊ. कडूबाला मागं घेऊन काकासाहेबांनी क्रांती चौकाला दोन फेऱ्या मारल्या.

"कसं काय?"

"लई ब्येस. झोपच याया लागली."

"कंबर?"

"कंबर हाय का नाय ते बी कळंना."

झालं. पायरीवाली सीट पसंत झाली. त्या तिघांत, आणि चौथ्या सांडूभाईंत, एकाच्याही मनात आलं नाही की मनकर्णाबाई अशा बसतच नाहीत. आमच्या ह्यांना मी नंतर विचारलं, "अहो, तुमच्या तरी लक्षात यायला हवं होतं." तर म्हणाले, "सीट फार छान दिसत होती गं."

सीट खरंच छान होती. काळी कुळकुळीत, कडेला बारीक पांढरी शिवण. काकासाहेबांनी गाडी धुतली, पुसली, सीटला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मनकर्णाबाई हौसेनं नवं पातळ नेसून आल्या. खांद्यावर हात, उडी, आणि त्या सीटच्या उंच पायरीवर जेमतेम अर्ध्या टेकल्या. मागचा भाग अरुंद, दोन पायांत धरायला केलेला. आडवं बसलं की निम्मं अंग हवेत. पाय पायपट्टीला पुरेनात.

"हं, चला," त्या म्हणाल्या, पण आवाज बसका होता.

गल्लीच्या तोंडाशी जाऊन गाडी परत फिरली. मनकर्णाबाई गाडीमागून चालत आल्या. काकासाहेब गाडी ढकलत होते.

"घसरतंय," एवढंच त्या मला म्हणाल्या.

काकासाहेबांनी हार मानली नाही. सांडूभाईंकडून डाव्या अंगाला फळी वाढवून आणली, तिच्यावर गिरदीसारखा उंचवटा शिवून घेतला. आता त्या घसरत नव्हत्या. पण कंबर वळलेली ती वळलेलीच. पुढच्या सोमवारी दोघं निघाली आणि बिडकीनही न गाठता परतली. मनकर्णाबाईंनी काही बोलून दाखवलं नव्हतं. काकासाहेब ह्यांना म्हणाले, "रेल्वे टेसनापर्यंत ती बोलत होती. पुढं गप झाली. म्हणलं, आता हिला सहन होईना. मी गाडी वळवली."

बाई पाठीमागं रडत होती, हे त्यांना तिच्या गप्प होण्यावरून कळलं होतं.

त्या संध्याकाळी आप्पासाहेब बापावर चिडला. भिंत लागूनच असल्यामुळे आम्हाला सगळं ऐकू आलं.

"दादा, आता बास झालं! आईला कायमची खाटंवर टाकायची का? चारचाकी कामून घेतली मी? दर सोमवारी मी नेतो तुम्हाला. एसीत बसून जा."

पोरगा चांगला होता. शब्दाला जागला. पुढच्या सोमवारी सुट्टी टाकून दोघांना घेऊन गेला. काकासाहेब पुढं त्याच्या शेजारी, मनकर्णाबाई मागं एकट्या, काचा बंद, गाणी लावलेली. परत आल्यावर मी विचारलं, "कंबर दुखली का?"

"नाय. काहीच नाय दुखलं."

"मग झालं तर."

त्या ओट्याच्या कडेला बसल्या. "लिंब आला, वहिनी. आप्पाला काय ठावं? त्यानं सूं करून गाडी नेली. मालकांनी मान वळवली अन् बघत ऱ्हायले मागं. मी बी बघितलं. आरशात त्यांचं तोंड दिसलं मला. त्यांना माझं दिसलं. दोघं बी गप." पदर सारखा करत म्हणाल्या, "आता ती गेली म्हणायची."

मी उठले. देवघरात जाऊन अंगारा आणला, त्यांच्या कपाळाला लावला. दुसरं माझ्या हातात काय होतं?

त्यानंतर काकासाहेबांनी मोटारसायकलवर जुनी चादर टाकली. भाजीलासुद्धा पायी जायला लागले. आमच्या ह्यांनी विचारलं तर म्हणाले, "मागं वजन नसलं की हँडल हातात ठरत नाय." शेजारच्या घरात रेडिओ होता, टीव्ही होता, सूनबाई आशाचा फोन होता. पण त्या दोघांचा आवाज भिंतीतून येईनासा झाला. तसा तो कधीच येत नव्हता. पण आता तो कुठंच नव्हता, हे मला ठाऊक होतं.

*

श्रावण जवळ आला. लक्ष वातीचा माझा संकल्प होता, म्हणून मनकर्णाबाई रोज दुपारी मदतीला यायच्या. पाटावर पाय लांब करून, भिंतीला पाठ लावून बसायच्या. त्या दिवशी त्यांचं मन रमवावं म्हणून मी माहेराचा विषय काढला. माहेराचं नाव काढलं की कोणतीही बाई खुलते.

"आमचे वडील, बन्सीआबा, मला माहेरपणाला न्यायला यायचे तट्टू घेऊन," त्या सांगायला लागल्या. "बारकं, तांबडं तट्टू. त्यावर मिरच्या अन् तूप घेऊन ते बाजार करायचे. मी लगीन झालेली बाई, मंग गावातून डोईवर पदर घेऊन पायी चालायचं. वेस ओलांडली, नाला लागला, की आबा म्हणायचे, बस गं मने. मी टुणकन त्यांच्या मागं. माहेरची वेस आली की खाली उतरायचं, परत पदर, परत पायी. मधला सगळा रस्ता मात्र माझा. एवढी बोलायची मी की आबा म्हणायचे, तट्टू थकंना पण माझे कान थकले."

"आणि पडत नव्हता? तट्टावर आडवं बसून?"

"आडवं कशाला वो? तट्टावर कुणी आडवं बसतं व्हय? दोन अंगाला दोन पाय टाकायचे अन्—"

त्या थांबल्या. हातातल्या कापसाकडं बघत राहिल्या.

"लुगडं होतं ना अंगावर तवा," त्या हळूच म्हणाल्या. "काष्ट्याचं. पाय उघडा पडायची भीतीच नाय."

मीही वात खाली ठेवली. आम्ही दोघींनी एकमेकींकडं पाहिलं.

"मनकर्णाबाई," मी म्हटलं, "डॉक्टर नक्की काय म्हणाले होते?"

"एका अंगावर बसू नका म्हणले."

"गाडीवर बसूच नका म्हणाले?"

"आप्पा म्हणला तसं. डाक्टर नाय म्हणला."

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना रिक्षानं डॉक्टरांकडं घेऊन गेले. दोन्हीकडं पाय टाकून बसलं तर चालेल का, असं विचारल्यावर ते आधी हसले, मग विचार करून म्हणाले, सरळ बसा, पट्टा बांधा, हळू जा, खड्डे चुकवा, दुखलं तर तिथंच थांबा. त्यांनी बरं म्हटलं, आणि मी येताना वाटेत खडकेश्वराला नमस्कार करून आले.

घरी आल्यावर मनकर्णाबाईंनी ट्रंक उघडली. शहरात आल्यावर काकासाहेबच त्यांना म्हणाले होते, "इथल्या सगळ्या बाया गोल पातळ नेसतात, तू एकटीच लुगड्यात बरी दिसत नाहीस." तेव्हापासून लुगडी ट्रंकेत गेली. तळाशी एक हिरवं इरकली होतं. आशाला वाटलं, सासूबाई कुणाला तरी द्यायला काढतायत. त्या आत गेल्या आणि काष्टा घालून बाहेर आल्या तेव्हा आशा बघतच राहिली. ती स्वतः पंजाबी ड्रेस घालून स्कूटीवर दोन पाय पुढं ठेवून हिंडते.

"आत्याबाई, लई भारी दिसू राह्यले तुम्ही!"

"भारी राहू दे. तुझ्या मामंजींना बोलाव."

काकासाहेब आले आणि उंबऱ्यातच उभे राहिले. आम्ही दोघंही तेव्हा तिथं होतो, मी मुद्दामच ह्यांना घेऊन गेले होते.

"हे काय?"

"गाडीवरची चादर काढा. मी दोन्हीकडं पाय टाकून बसणार हाय."

काकासाहेबांचा चेहरा कसनुसा झाला. "या वयात? लोक हसतील, मनकर्णा."

"कडूबा भाऊजी बसले तर?"

"तवा बी हसलेच लोक," कडूबा मागून म्हणाला. तो कधी आला होता कुणास ठाऊक.

"तुम्ही गप बसा, भाऊजी. याच लुगड्यात मी खुरपलं, याच लुगड्यात कडब्याच्या गंजीवर चढले. तवा कुणी हसलं नाय."

काकासाहेबांनी ह्यांच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "बरं. पण मंग असं कर, गल्लीच्या बाहेर पायी ये. मेन रोडला बस."

मनकर्णाबाई पदर नीट करत होत्या, त्या थांबल्या. नवऱ्याच्या तोंडाकडं थेट बघून त्या बोलल्या. मी त्यांना तसं बोलताना पहिल्यांदा पाहत होते.

"आबा वेशीपाशी उतरवायचे मला. मी उतरायची. सासरची वेस, माहेरची वेस. आता कोणती वेस ऱ्हायली, सांगा? माझी लेक त्या लिंबापाशी हाय. मला दारातून बसून जायचंय."

 आप्पासाहेब कामावरून नुकताच आला होता, डबा हातात घेऊन दारात उभा होता. लेक हा शब्द त्यानंही ऐकला. काकासाहेबांनी खिशातून किल्ली काढली आणि अंगणात जाऊन चादर ओढून काढली.

पण सीटवर आता ती डावीकडची फळी होती, तिच्यावर ती गिरदी. दोन पाय टाकायचे तर डावी मांडी फाकून वर येई. तेव्हा पुन्हा सांडूभाई. या वेळी मनकर्णाबाई स्वतः गेल्या. इरकली लुगडं, कमरेला पट्टा, कपाळाला ठसठशीत कुंकू, सोबतीला मी, शिवाय काकासाहेब आणि कडूबा. चहावाल्यानं पाहिलं आणि फडक्यानं बाकडं पुसून पुढं केलं. हसलं कुणी नाही.

त्या गाडीवर बसल्या आणि सांडूभाईंना सांगायला लागल्या. "ही फळी काढ. हां. ही गिरदी बी काढ. आता हिथला पांढरा स्पंज काढ, टोचतो."

सांडूभाई काढत गेले. शेवटी कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "काकी, गुस्सा नक्को होव. ये तो वोच पहलीवाली सीट हो गई."

सीट तीच. काळी कुळकुळीत, पांढऱ्या शिवणीची. मनकर्णाबाई तिच्यावर ताठ बसल्या, दोन्ही पाय दोन्ही पायपट्ट्यांवर टेकले, आणि त्यांनी डोळे मिटले.

"दुखतंय का?" काकासाहेबांनी विचारलं.

"बोलू नका जरा. बघू द्या." मग डोळे उघडून म्हणाल्या, "नाय दुखत."

कडूबानं मांडीवर थाप मारली. "म्हणलं नव्हतं? माझ्या मापाची शीट हाय ती! उगंच महिनाभर तुम्ही तिच्यावर सुतारकाम केलं."

"व्हय भाऊजी," मनकर्णाबाई म्हणाल्या, "माझ्यासाठी तुम्ही भर चौकात बाई झाले, ते मी इसरायची नाय."

या वेळी मात्र सगळी गल्ली हसली, आणि सगळ्यात मोठ्यानं काकासाहेब. त्यांना हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

*

श्रावणातला पहिला सोमवार. पिंडीवर बेल वाहिला आणि शेजारी गाडी खोकली. मी त्रिदळ आणि फुलं घेऊन भिंतीपाशी गेले.

मनकर्णाबाई दारातच बसत होत्या. उडी मारायची गरज नव्हती. काकासाहेबांनी गाडी ओट्याला लावली, त्यांनी ओट्यावरून उजवा पाय पलीकडं टाकला आणि बसल्या. गल्लीत दोन-तीन खिडक्या उघडल्या. समोरच्या बाई झाडू हातात धरून उभ्या राहिल्या. आप्पासाहेब फाटक धरून उभा होता. निघताना तो म्हणाला, "दादा, त्या लिंबापाशी मला बी दाखवा एकदा. पुढच्या वेळी मी माझ्या गाडीवर मागून येतो."

काकासाहेबांनी नुसती मान हलवली. मग सवयीनं मान डावीकडं कलती केली.

"सरळ बसा की," मनकर्णाबाईंनी त्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरून नीट केलं. "आता मी मधोमध हाय. दोन्ही कानांनी ऐका."

"हं," काकासाहेब म्हणाले.

"हं, चला."

गाडी निघाली. मी हात पुढं केला होता, पण त्या मागं वळल्याच नाहीत. गल्लीच्या तोंडाशी जायच्या आत त्यांचे ओठ हलायला लागले होते. हात हलवत, खांद्यावर थापटत त्या काहीतरी सांगत होत्या. महिनाभराचं साठलेलं होतं.

बेलपान माझ्या हातातच राहिलं. मी घरात आले, आणि आमच्याच पिंडीवर ते वाहिलं. देवाला म्हटलं, हे सरूचं.